दादांची ऐट

पाणीपुरवठा खात्याला बँड कशाला हवा, असा प्रश्न बाहेरच्या माणसाला पडतो. खात्यातल्या माणसाला तो पडत नाही. नळ जोडणारे, मीटर वाचणारे, पंप चालवणारे अशा मंडळींचा हा बँड होता. वर्षातून एकदा सगळ्या खात्यांच्या बँडांची स्पर्धा भरायची. त्या दिवशी हे लोक पितळी बटणांचे निळे कोट चढवून असे काही चालायचे, की शहराला पाणी नव्हे, श्वासच आपण पुरवतो असं त्यांना वाटत असावं. स्पर्धेचा रस्ता बाजारातून निघायचा आणि चढ चढत वरच्या चौकात संपायचा. चढ चांगलाच दमछाक करणारा होता. रिकाम्या हातांनी चढणारी माणसंही मध्ये थांबून बुटाची नाडी बांधल्याचं नाटक करायची.

या बँडची ओळख म्हणजे मोठा ड्रम, आणि मोठ्या ड्रमची ओळख म्हणजे तो वाजवणाऱ्या दादांची ऐट. पोटावर ड्रम, खांदे मागे, छाती आभाळाकडे, गुडघे किंचित वाकलेले आणि पावलं आखूड, मोजून टाकल्यासारखी. दादा असे मागे रेलून चढ चढायला लागले की खिडक्या फटाफट उघडायच्या. बघता बघता अख्खा बँड थोडा थोडा मागे रेलून चालायला शिकला. ट्रम्पेटवाले रेलले, झांजवाला तर इतका रेलला की त्याची टोपी दोनदा मागच्याच्या पायात आली. परीक्षकांना हा बँड लांबूनच ओळखू यायचा. वर पोचल्यावर दोन जुने वादक पुढे यायचे आणि दादांच्या खांद्यावरून ड्रम अलगद उतरवून घ्यायचे. याला 'ड्रमचा मान' म्हणत. दुसऱ्या कुठल्याही बँडमध्ये असला मान नव्हता, त्यामुळे पाणीपुरवठ्याची कॉलर त्या दिवशी जरा जास्तच ताठ असायची.

घरातही दादांचा रुबाब तोच. हातून वर्तमानपत्र पडलं, चष्म्याची डबी पडली, तर दादा खाली बघायचेसुद्धा नाहीत. कोणीतरी यायचं, उचलून हातात द्यायचं. मोठी माणसं वाकत नाहीत, अशीच घरातल्या सगळ्यांची समजूत होती.

दादा निवृत्त झाले तेव्हा ड्रम त्यांच्या मोठ्या मुलीकडे आला. तिला सगळे थोरली म्हणत. धाकटी लग्न करून दूरच्या गावी गेली, घरात दुसरं मूल उरलं नाही, तरी ही थोरलीच राहिली, घरात आणि खात्यातही. ती मीटर दुरुस्तीच्या खोलीत काम करायची. दिवसभर टेबलावर वाकून मीटरची पोटं उघडायची, आतली चाकं धुवायची, पुन्हा बसवायची. एका बाईला एवढं धूड कसं पेलणार, असं म्हणणाऱ्यांची तोंडं तिने पहिल्याच वर्षी बंद केली, कारण तिच्याकडे ऐट होती. दादांनी तिला कपाटाच्या आरशासमोर उभं करून ती शिकवली होती. पोटाशी उशी बांधून ती उभी राहायची आणि दादा खुर्चीतून सांगायचे, अजून मागे, अजून. तिला ते जमलं त्या दिवशी दादांचे डोळे भरून आले होते. त्यापुढे कुठलंही बक्षीस तिला फिकं वाटायचं.

तर अशी ही थोरली, चाळिशीच्या उंबरठ्यावरची, धट्टीकट्टी, एका तालमीत चढाच्या मध्यावर अचानक थांबली. कमरेतून एक सणक निघाली ती मांडीच्या मागून थेट टाचेपर्यंत गेली. तिने दात आवळून धून पूर्ण केली, कारण मोठा ड्रम थांबला की बँड थांबतो. मग ती फुटपाथच्या कडेला बसली आणि तिला उठता येईना. कंबर तिची गेली दोन वर्षं कुरकुरत होतीच. शेजारच्या काकूंनी पोटावर झोपून छाती वर उचलायचा व्यायाम सांगितला होता. तो ती नेमाने करत होती आणि दुखणंही नेमाने वाढत होतं.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरला. कमरेच्या शेवटच्या मणक्याच्या मागच्या कमानीला दोन्ही बाजूंना चीर होती, बहुधा लहानपणापासूनची. पुष्कळ लोकांना अशी चीर असते आणि त्यांना जन्मभर पत्ता लागत नाही, असंही ते म्हणाले. पण कमान सुटली की मणक्याला मागे धरून ठेवणारं काही उरत नाही, आणि हिचा मणका थोडा पुढे सरकला होता. शेजारची शीर त्यात दबत होती. ऑपरेशनची घाई नव्हती. पायातली ताकद गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला तर मात्र धावत या, एरवी आधी फिजिओथेरपी आणि तोवर ड्रम बंद. शेवटचे दोन शब्द डॉक्टरांनी सहज उच्चारले. थोरलीने पुढचं काही ऐकलंच नाही.

बँडमास्तर भला माणूस होता. नाही म्हणताना त्याला घाम फुटायचा. त्याने रुमालाने मान पुसत सांगितलं की ड्रम तात्पुरता पैलवानाला देतो. पैलवान म्हणजे पंपघरातला एक आडदांड गडी, आजवर लोखंडी त्रिकोण वाजवणारा. स्पर्धेच्या आधीच्या शेवटच्या तालमीत थोरलीने ड्रम घेऊन पूर्ण चढ चढून दाखवला तर ड्रम तिचा. नाहीतर तो पैलवानाचा, आणि कायमचा, कारण दरवर्षी माणूस बदलला तर बँडचा ताल राहत नाही. थोरलीला हे पटलं, म्हणूनच जास्त लागलं.

फिजिओथेरपीची खोली लांबट होती. भिंतीला आरसा आणि धरायला दांडे, जमिनीवर निळ्या गाद्या, आणि एका हुकाला टांगलेला प्लास्टिकचा अख्खा पाठीचा कणा. येणारी लहान मुलं त्याला हलवून बघायची. फिजिओथेरपिस्ट बाई तिशीतल्या, बोलायला रोखठोक. त्यांना ताल अजिबात नव्हता. रेडिओवर गाणं लागलं की त्या टेबलावर बोटं आपटायच्या, आणि थोरलीला ते ऐकवत नसे. मॅडमचा आवडता शब्द होता, "परत."

पहिल्या दिवशी मॅडमनी तिला नेहमी जशा उभ्या राहता तसं उभं राहायला सांगितलं. थोरली उभी राहिली. मॅडमनी तिच्याभोवती एक चक्कर मारली.

"ताई, हे असं उभं राहायला तुम्हाला कोणी शिकवलं?"

"वडिलांनी," थोरली म्हणाली. तिला वाटलं कौतुक चाललं आहे.

मॅडमनी हुकावरचा कणा काढला आणि तो कमरेत मागे वाकवून दाखवला. तसा वाकवला की मागच्या कमानी एकमेकींवर आपटत होत्या, आणि नेमका सगळा भार त्या चीर पडलेल्या जागी येत होता. पुढून ड्रम ओढणार, वरून ही मागे रेलणार, आणि मधला मणका बिचारा वाट मिळेल तिकडे सरकणार. काकूंचा व्यायाम म्हणजे तर आगीत तेल. दुसऱ्या कोणाच्या पाठीला तो गुणकारी असेल, हिच्या पाठीला नाही.

मीटरवालीला हे लगेच समजलं. जोड सुटलेले पाईप तिने पुष्कळ पाहिले होते. ती म्हणाली, मग आवळून टाका. मॅडम म्हणाल्या, आवळायला बाहेरचा पाना नाही, आतलेच स्नायू आहेत, आणि ते तुमचे तुम्हालाच आवळायचे आहेत.

मग सुरू झालं ते फार कंटाळवाणं होतं. शौर्याची कामं गोष्टीत पटकन आटपतात, खरी मात्र गादीवर उताणं पडून करावी लागतात. गुडघे वाकवून झोपायचं, कमरेखालची पोकळी जमिनीला टेकवायची, बेंबीखालचं पोट हलकेच आत घ्यायचं आणि श्वास मात्र चालू ठेवायचा. हातागुडघ्यांवर रांगत्या बाळासारखं व्हायचं, एक हात पुढे आणि उलट बाजूचा पाय मागे लांबवायचा, आणि पाठीवर ठेवलेली पाण्याची बाटली पडू द्यायची नाही. मांडीच्या मागचे स्नायू ताणायचे, ते तर वाळलेल्या चामड्यासारखे आखडले होते. उताण्या झुरळासारखं पडून हातपाय आळीपाळीने खाली न्यायचे, हा प्रकार थोरलीला विशेष अपमानाचा वाटायचा.

त्यातही तिने एक घोळ घातला, जो बँडवालीच घालू जाणे. मॅडमनी सांगितलं होतं, दहा आकडे होईपर्यंत धरून ठेवा. थोरलीने इमानदारीने दहा आकडे मोजले, पण कूच करण्याच्या लयीत. घरी आठवडाभर तिचे सगळे व्यायाम बँडच्या वेगाने धडाधड आटपत होते आणि गुण काही येत नव्हता. मॅडमसमोर तिने मोठ्याने मोजून दाखवलं तेव्हा कुठे उलगडा झाला. मॅडम इतक्या हसल्या की त्यांना गादीवर बसावं लागलं. त्या दिवसापासून मोजायचं बंद, प्रत्येक खेपेला सावकाश दोन श्वास.

तिथून गाडी रुळावर आली. टाचेपर्यंत जाणारी सणक आधी पोटरीपाशी थांबायला लागली, मग मांडीपाशी, मग नुसती कमरेत उरली. मॅडमच्या मते दुखणं पायातून वर सरकत कमरेत गोळा होणं हे चांगलं लक्षण होतं. मीटरच्या टेबलाखाली थोरलीने दोन विटा ठेवून ते उंच केलं, म्हणजे वाकायला नको. पुढे ती पोटाशी वाळूची पिशवी बांधून खोलीत फेऱ्या मारू लागली. बरगड्या बरोबर कमरेच्या वर, मान सरळ, पोट आतून आवळलेलं. बॅगा शिवणाऱ्याकडून तिने ड्रमला नवा पट्टा करून घेतला. त्यामुळे भार खांद्यांवरून निघून कमरेच्या हाडांवर आला. आणि एका रविवारी तिने पैलवानाकडून ड्रम मागून आणला आणि मागच्या अंगणात पोटाशी बांधला.

ड्रम पेलला. दुखलं नाही. ती अंगणात सरळ चालली, वळली, पुन्हा चालली, आणि तिला रडू फुटलं.

दादा दारात उभे होते. "हे काय?" ते म्हणाले. "ड्रम असा धरतात? भाजी आणायला निघाल्यासारखा?"

तिने मणका, चीर, कमान सगळं समजावून पाहिलं. दादांनी ऐकून घेतलं नाही. ऐटीशिवाय ड्रम म्हणजे नुसतं पिंप, ते म्हणाले, आणि असल्या चालीने चढ चढण्यापेक्षा पैलवानाला देऊन टाक. थोरलीने इतके महिने सणका सोसल्या होत्या, पण हा घाव त्यांच्याहून खोल गेला. तिला ड्रम हवा होता तो दादांचा होता म्हणून. दादाच नको म्हणत असतील तर चढ चढायचा कोणासाठी?

दुसऱ्या दिवशी दादा फिजिओथेरपीच्या खोलीत हजर. मॅडमना चार शब्द सुनवायला आले होते. लांबट खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ते आपल्या प्रसिद्ध चालीने चालत आले, आखूड पावलं, गुडघे किंचित वाकलेले, छाती वर. गादीवर रांगत्या अवस्थेत असलेली थोरली शरमेने लाल झाली. मॅडमचं मात्र दादांच्या बोलण्याकडे लक्षच नव्हतं. त्या त्यांचे पाय बघत होत्या.

दादांचं बोलून झाल्यावर मॅडमनी एकच विचारलं, तुमची पाठ कशी आहे? दादा म्हणाले, पोलादी. मॅडम म्हणाल्या, मग बघू का? दादांनी कोट काढून खुर्चीवर टाकला आणि पाठ पुढे केली. हरायची शक्यता नसलेल्या माणसासारखे ते उभे राहिले. मॅडमनी पुढे वाकायला सांगितलं. हात मांडीच्या मध्यापर्यंत गेले आणि तिथेच अडकले. दादा म्हणाले, मला वाकायची सवय नाही.

मॅडमनी सदऱ्यावरूनच कण्यावर बोट ठेवून खालपर्यंत आणलं आणि थांबल्या. त्यांनी दादांना विचारलं, ताईंना दाखवू का? दादांनी हात झटकून परवानगी दिली. मग मॅडमनी थोरलीचं बोट धरून तिथे ठेवलं. बोट कण्यावरून खाली येता येता एकदम आत उतरलं, पायरी उतरावी तसं.

"हे तुमच्या पाठीतही आहे," मॅडम थोरलीला हळू आवाजात म्हणाल्या. "पण तुमचं लहान आहे. दादांचा मणका खूप पुढे गेलाय, आणि फार वर्षांपूर्वी. असं झालेली माणसं अशीच उभी राहतात. अशीच चालतात."

थोरलीचं बोट तिथेच राहिलं. लहानपणापासून पाहिलेली ती चाल, खिडक्यांतली माणसं, आरशासमोरची उशी, सगळं तिच्या त्या एका बोटाखाली होतं. दादांनी कोट चढवला, कोणाकडे न बघता टोपी घातली आणि आले तसे चालत निघून गेले. तीच चाल, पण थोरलीला आता ती बघवेना.

त्या संध्याकाळी दादा खुर्चीत, वर्तमानपत्र उलटं. शेवटी आईच बोलली. थोरलीची आई मितभाषी बाई, पण एकदा नळ सुटला की सुटला. ती म्हणाली, मला काय विचारता, या पाठीला मी लग्नापासून गरम पाण्याच्या पिशव्या लावते आहे. आणि मग तिने सगळं सांगितलं. ड्रम घेतला त्या पहिल्याच वर्षी चढाच्या मध्यावर यांच्या कमरेतून सणक गेली. सरळ उभं राहता येईना, पडू नये म्हणून हे मागे रेलले, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी टाळ्या पडल्या. लोकांना वाटलं, काय रुबाब आहे. मग पुढच्या वर्षी रेलावंच लागलं, आणि त्याच्या पुढच्या वर्षी दुसऱ्या कुठल्या तऱ्हेने चालताच येईना. वर पोचल्यावर ड्रम उतरवायची ताकद नव्हती, म्हणून यांनी दोघा मित्रांच्या कानात सांगितलं, उतरवा रे. तो झाला मान.

"दोघांच्या नाही," दादा वर्तमानपत्रामागून म्हणाले. "एकाच्याच कानात सांगितलं होतं. दुसरा आपणहून आला."

आईने कपाळाला हात लावला. थोरलीला हसू आलं आणि त्याच हसण्यात रडूही. दादांनी वर्तमानपत्र खाली केलं. ते पडलं. सवयीने थोरली उचलायला वाकली, गुडघ्यांतून, पाठ सरळ ठेवून, शिकवल्याप्रमाणे. दादा ते बघत राहिले.

"मला वाटलं, मी तुला चांगलं काही देतोय," ते म्हणाले.

त्यानंतरच्या सोमवारपासून निळ्या गादीवर दोघं शेजारी शेजारी दिसू लागली. दादांच्या वयाला आणि मणक्याला झेपेल तेवढंच, मॅडमनी आधी डॉक्टरांना विचारून नवे एक्स-रे काढायला लावले होते. सरकलेला मणका काही मागे जाणार नव्हता, हे त्यांनी दादांना तोंडावर सांगितलं. पण आखडलेले स्नायू सैल होतील, पोट-पाठीत जोर येईल, आणि पडलेली वस्तू उचलायला माणूस लागणार नाही. दादा तक्रारी करण्यात पटाईत निघाले. उताणं झुरळ व्हायला त्यांनी साफ नकार दिला, आणि पुढच्या आठवड्यात थोरलीहून जास्त वेळ झुरळ होऊन दाखवलं.

शेवटच्या तालमीच्या दिवशी बाजारात बँड जमला. थोरलीने ड्रम बांधला आणि सरळ उभी राहिली, तसा बँडमास्तरच्या मानेला घाम फुटला. तो म्हणाला, चढून दाखवशील ते खरं, पण असं? परीक्षक आपल्याला ऐटीवरून ओळखतात. ऐटीने चढणार असशील तर ड्रम तुझा. नाहीतर माझा नाइलाज आहे. झांजवाल्याने मान डोलावली.

फुटपाथवरून दादा पुढे आले. आज ते हळू चालत होते आणि छाती आभाळाकडे नव्हती. त्यामुळे काहीजणांनी त्यांना आधी ओळखलंच नाही.

"ती ऐट नव्हती," दादा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "ते दुखणं होतं. तुम्ही सगळे इतकी वर्षं माझ्या दुखण्याची नक्कल करताय."

मग झांजवाल्याने नकळत स्वतःची कंबर चोळली. ट्रम्पेटवाल्यांपैकी एकजण पुटपुटला, तरीच. पैलवान तर उघडच सुटल्यासारखा दिसला. मास्तर, मला तर तीन तालमींतच कंबर धरून बसायची वेळ आली, तो म्हणाला, मला माझा त्रिकोण परत द्या. बँडमास्तरने रुमाल खिशात ठेवला आणि थोरलीला खूण केली. त्या दिवशी तिने पूर्ण चढ चढून दाखवला, आणि ड्रम तिचा झाला.

स्पर्धेच्या दिवशी रस्ता दोन्ही बाजूंनी भरला होता. पाणीपुरवठ्याचा बँड वळणावरून आला आणि खिडक्या उघडल्या त्या उघड्याच राहिल्या. पुढे मोठा ड्रम, आणि ड्रमवाली सरळ. एक म्हातारा गर्दीत मोठ्याने म्हणाला, आज ऐट कुठे गेली? थोरलीने ते ऐकलं. तिने पोट आतून आवळलं, श्वास सोडला आणि दांडी ड्रमच्या मधोमध हाणली. रेलून वाजवताना दांडी नेहमी तिरकी पडायची. आज ती सपाट पडली आणि जो आवाज निघाला तो म्हाताऱ्याच्या प्रश्नाला पुरून उरला.

आणि तिला रस्ता दिसत होता. हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. इतकी वर्षं तिने हा चढ चढताना फक्त वरच्या मजल्यांच्या खिडक्या आणि आभाळाचा तुकडा पाहिला होता. आज समोर माणसं होती, बापाच्या खांद्यावर बसलेली पोरं होती, आणि दूर, वरच्या टोकाला, चौक. कुठे पोचायचंय ते दिसत असलं की चढ निम्मा होतो, असं तिला वाटलं.

मध्यावर, जिथे ती एकदा बसली होती, तिथे कमरेत जुनी कळ हलली. थोरली घाबरली, उगाच कशाला खोटं बोला. पण ती मागे रेलली नाही. पावलं लांब टाकली, बरगड्या कमरेवर आणल्या आणि मनातल्या मनात मॅडमच्या आवाजात म्हणाली, परत. ठोका पडला. परत. ठोका पडला. कळ जागच्या जागी विरली. मागे अख्खा बँड सरळ चालत होता, थोडा अवघडून, नवे बूट घातल्यासारखा, पण एका पावलात. फुटपाथवर मॅडम टाळ्या वाजवत होत्या, एकही टाळी तालात नव्हती, आणि थोरलीला पहिल्यांदाच त्याचा राग आला नाही.

ती वर पोचली. शेवटचा ठोका चौकभर घुमला. रिवाजाप्रमाणे दोन जुने वादक हात पुढे करून आले. थोरलीने हसून मान हलवली. दांडी तिने बाजूला फरशीवर टाकली, कमरेचा पट्टा सोडला, खांद्यावरचे पट्टे उतरवले, ड्रम छातीशी धरला, गुडघ्यांत वाकली आणि तो आपल्या हातांनी जमिनीवर ठेवला. मग उठून सरळ उभी राहिली. आणि मग जो गलका उठला त्यात बाकीच्या बँडांचे ट्रम्पेटही बुडाले.

बक्षीस त्या वर्षी दुसरं मिळालं. पहिलं अग्निशमन दलाने नेलं, त्यावर पाणीपुरवठ्यात अजून वाद होतात. पण लोक सांगतात ती गोष्ट बक्षिसाची नाही.

गलका चालू असताना दादा गर्दीतून पुढे आले. फरशीवर दांडी पडली होती. कोणीतरी सवयीने उचलायला धावलं, तसा दादांनी हात आडवा केला. एक पाय पुढे, एक मागे, पाठ सरळ. ते गुडघ्यांतून सावकाश खाली गेले, इतके सावकाश की आईने तोंडावर हात ठेवला. बोटं फरशीला टेकली. दादांनी दांडी उचलली, तसेच सावकाश वर आले आणि दोन्ही हातांनी ती लेकीच्या हातात दिली.